देवाला शिव्या चालतात, ट्रस्टींना प्रश्न चालत नाही!

कुठल्याही दिंडीच्या मुक्कामी कान द्या. साठी उलटलेली एखादी बाई विचारते, ‘महाराज, बायकांच्या तंबूजवळ दिवा नाही, रात्री बाहेर जायचं कसं?’ महाराज हसून म्हणतात, ‘माउली, अजून देहाचीच चिंता?’ भोवतीचे टाळकरी खुदकन हसतात. बाई खाली मान घालते. झाले! तक्रार मिटली, अध्यात्म जिंकले!

धिक्कार असो असल्या अध्यात्माचा! स्वतःच्या तंबूत गादी, पंखा आणि जनरेटर. अन् दिंडीतल्या जेवणाच्या वर्गणीचे, भिशीचे, पैसे रोख मोजणाऱ्या बाईला विदेहस्थितीचा उपदेश! हिशेब मागितला की ती ‘निंदा’. बाईने कीर्तनाला उभे राहायचे म्हटले की तो ‘अहंकार’. मठातल्या अरेरावीबद्दल तोंड उघडले की ‘संप्रदायाची बदनामी’. कुठल्या पोथीत वाचलेत हे? संत जनाबाईने साक्षात विठ्ठलाला शिव्या घातल्या. ते अभंग गाथेत छापले गेले आणि तुम्हीच ते डोळे मिटून गाता. देवाने ऐकून घेतले. त्याच्या नावाने पावत्या फाडणाऱ्यांना मात्र एक साधा प्रश्न पचत नाही!

आणि वारी? अहो, वारीने तर गाऱ्हाण्याला आरतीच्या आधीचे स्थान दिले आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामी पोचली की समाजआरतीला साऱ्या दिंड्या जमतात. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण जिचे काही गाऱ्हाणे असेल ती दिंडी थांबत नाही, ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, तोड निघते आणि मगच आरती होते. (हरवल्या-सापडल्याचा पुकाराही तिथेच होतो, वारीला कुणाची पिशवीसुद्धा क्षुल्लक वाटत नाही.) ज्ञानेश्वरांची आरती एका दिंडीच्या रागासाठी खोळंबते, मग तुमच्या मठाची वार्षिक सभा दहा मिनिटे खोळंबली तर कोणते आभाळ कोसळणार आहे?

कान झाकून घेणाऱ्यांची वंशावळही पंढरीतच सापडते. संत चोखोबांना जिवंतपणी विठ्ठलमंदिराच्या दाराबाहेर ठेवले, समाधीही पायरीशीच. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस प्राण पणाला लावले, तेव्हा कुठे अस्पृश्य मानलेल्यांसाठी मंदिराचे दार उघडायला तिथले पुजारी बडवे राजी झाले. भावना दुखावतात, ही ओरड तेव्हाही होतीच. कोणाच्या भावना? शतकानुशतके उन्हात उभ्या राहिलेल्यांच्या खासच नव्हेत! पुढे बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांविरुद्धच्या गाऱ्हाण्यांतून १९७३ चा मंदिर-कायदा आला, खटले लढले गेले आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वंशपरंपरागत हक्कांवर कायमचा पडदा टाकला. घरातले गाऱ्हाणे घरात ऐकले असते तर ही पाळी येती ना!

रामेश्वरभट्टांनी तुकोबांच्या वह्या बुडवायला लावल्या, असे परंपरा सांगते. पण तेच पुढे तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांनी रचलेली तुकोबांची आरती आजही म्हटली जाते. तेवढी लाज आजच्या गादीवाल्यांत शिल्लक आहे का?

असेल तर आषाढीआधी भिशीचा जमाखर्च मठाच्या दारावर लावा. विश्वस्त मंडळात बायका घ्या, आणि त्या तुमच्या घरच्या नकोत. प्रश्न विचारला म्हणून ज्यांना दिंडीतून काढले, त्यांना सन्मानाने परत बोलवा. जमत नसेल तर गादी सोडा. वीणा खांद्यावर घ्यायला माणसे पुष्कळ आहेत.