किल्ला आहे, सांगणारा हवा

अकोल्याहून शेगावला निघालेल्या कितीतरी गाड्या बाळापूरच्या फाट्यावर वळतात. तिथे चहा होतो, कुणी पाण्याची बाटली घेतं आणि गाडी पुढे निघते. गावात मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर, उंचवट्यावर, विटांचा एक भक्कम किल्ला उभा आहे. पावसाळ्यात नद्या भरल्या की एक बाजू सोडून त्याला पाण्याचाच वेढा पडतो. एकामागे एक अशी तीन दारं, आत पंचकोनी गढी आणि पाचही कोपऱ्यांवर बुरूज. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने हे काम सुरू केलं आणि १७५७ मध्ये एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, नवाब इस्माईलखान याने ते पुरं केलं. गाडीतल्या बहुतेकांना यातलं काहीच ठाऊक नसतं, कारण त्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं. एखाद्याने थांबू या म्हटलं तर उत्तर तयार असतं, ‘काय पाह्याचं हाये तिथं? भिंतीच तं हायेत.’

नदीकाठी काळ्या दगडाची छत्री आहे. सुमारे २५ फूट चौरस, ३३ फूट उंच. खाली पुराचं पाणी येऊन तिच्या पायाला पूर्वी धक्का बसला होता, तो पुढे दुरुस्त केला गेला. ही मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. मराठी माणसाला मिर्झाराजे ठाऊक असतात ते पुरंदरच्या तहामुळे. जून १६६५ मध्ये शिवाजी महाराजांशी तो तह झाला, त्यानंतर विजापूरच्या मोहिमेत जयसिंगांच्या हाती काही लागलं नाही आणि १६६७ मध्ये बऱ्हाणपूरला त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मृतीची छत्री तिकडे बऱ्हाणपूरजवळ आहे. बाळापूरची छत्री ही समाधी नाही. जयसिंगांनी ती हयातीत बांधून घेतली असं मानलं जातं. छत्री म्हटलं की समाधीच, असं समजून लोक चपला काढतात, हात जोडतात आणि निघून जातात. त्या सावलीत उभं राहून कुणी दोन मिनिटं हा फरक समजावून सांगितला, तर सातवीच्या पोराचा पुस्तकातला पुरंदरचा तह थेट त्याच्या जिल्ह्यात येऊन उभा राहील.

आणि बाळापुरात सांगण्यासारखं तेवढंच नाही. ऑगस्ट १७२० मध्ये याच परिसरात निजामउल्मुल्काने आलमअलीखानाचा पराभव केला. ती लढाई उलटी फिरली असती तर हैदराबादचं आसफजाही राज्य आणि पुढचा वऱ्हाडाचा सगळा इतिहास वेगळाच झाला असता. जिच्यावरून गावाला नाव मिळालं असं म्हणतात, त्या बाळादेवीचं देऊळ किल्ल्यालगत आहे. नक्शबंदी सुफींची जुनी खानकाह गावात आहे. गजानन महाराजांच्या चरित्रात सज्जनगडाची वारी करणारे बाळकृष्णबुवा रामदासी येतात, तेही बाळापूरचेच. एका छोट्या गावात, दोन तासांच्या पायी फेरीत, इतकं सारं. वऱ्हाडातल्या किती गावांना असं भाग्य आहे?

आता जरा दूरचं उदाहरण. चेक देशात प्रागपासून बसने तीनेक तासांवर चेस्की क्रुमलोव नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम १३ हजारांच्या आसपास, म्हणजे बाळापूरपेक्षाही लहान. व्ल्टावा नदी या गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घालते आणि वर कड्यावर किल्ला. १९९२ मध्ये युनेस्कोने गावाच्या जुन्या भागाला जागतिक वारशात घेतलं. रोझेनबर्ग, मग एगेनबर्ग, मग श्वार्झेनबर्ग अशा घराण्यांच्या हातून फिरलेला हा वाडावजा किल्ला विसाव्या शतकाच्या मध्यात सरकारच्या ताब्यात आला. रोज सकाळी प्रागहून सहलीच्या गाड्या निघतात आणि संध्याकाळी परततात. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. किल्ल्याच्या अंगणांत कुणीही हिंडावं, पण आतली दालनं पाहायची तर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गटात, माहीतगाराबरोबरच जावं लागतं. तिथल्या नाट्यगृहात १७६० च्या दशकातली लाकडी यंत्रं, पडदे आणि पोशाख अजून जसेच्या तसे आहेत. तिथेही एकट्यानं शिरता येत नाही. लाकडी चाकं कशी फिरत आणि डोळ्यांदेखत जंगलाचा दरबार कसा होई, हे सांगणारा माणूस सोबत असतो. म्हणून घरी परतलेल्याला भिंती आठवत नाहीत, ती चाकं आठवतात.

हा सांगणारा माणूस वऱ्हाडात नाही. दगड आहेत, रस्ते आहेत, गाड्या आहेत, हौस तर भरपूर आहे.

रस्त्यांचं तर विचारूच नये. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेसचा विक्रम झाला, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांची छाती फुगली होती. ते योग्यच होतं. त्याच रस्त्याने शाळांच्या सहली जातात. प्रासंगिक करारावर एसटी ठरते, पोरं रात्रभर गाणी म्हणत वेरूळ, रायगड, पन्हाळा असं करून येतात. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तामिळनाडूतली. विदर्भातला त्यांत एकही नाही. त्या किल्ल्यांना पोरांनी जरूर जावं, पण दर्यापूर-अकोटच्या पोराने जवळचा नरनाळा किल्ला न पाहता पन्हाळा पाहावा, याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

नरनाळ्याचं महाकाली दार पाहिलं तरी पुरे. १४८७ चा शिलालेख, दोन्ही बाजूंना कमानीदार सज्जे आणि दगडात कोरलेली कमळं. गडावर तळी आणि टाकी इतकी की पाण्याचं नियोजन हाच एक तासाभराचा विषय व्हावा. ज्या प्रदेशाला दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्याने तो विषय तिथे उभं राहून ऐकायलाच हवा.

गाविलगडाचं दुखणं आणखी निराळं. तिथे माणसं जातात. चिखलदऱ्याला आलेला जवळजवळ प्रत्येक जण अर्ध्या तासासाठी किल्ल्यावर डोकावतो, दारापुढे फोटो काढतो आणि भीमकुंडाकडे वळतो. १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहाने हा किल्ला बांधून घेतला आणि पुढे इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क याने तो नव्याने मजबूत केला. त्याच्या एका दारावर दोन डोक्यांचा पक्षी कोरलेला आहे, गंडभेरुंड. चोचीत आणि पंजात हत्ती. शेजारी सिंह, त्यांच्याही पायाखाली हत्ती. दाराखालून जाणारे वर पाहतात, ‘गरुड असंन’ म्हणतात आणि पुढे सरकतात. गंडभेरुंड कर्नाटकातलं, विजयनगरच्या मुलखातलं मानाचं चिन्ह. ते सातपुड्याच्या कड्यावर, एका मुसलमान सुलतानाच्या किल्ल्यावर कसं आलं? इतिहासकार फेरिश्ताने लिहून ठेवलंय की फतहुल्ला हा मूळचा विजयनगरच्या कानडी हिंदू घरातला. लहानपणी लढाईत पकडला गेला, वऱ्हाडच्या दरबारात वाढला आणि शेवटी राज्याचा धनी झाला. अभ्यासक दारावरच्या पक्ष्याचा धागा तिथवर नेतात. एका पोराचं हिरावलेलं गाव त्या दगडात उतरलं असेल का, हा प्रश्न विचारायला तरी तिथे कुणी हवं.

त्याच किल्ल्यावर १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने हल्ला चढवला. पंधरवड्यापूर्वी, २९ नोव्हेंबरला, अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला होता. त्याचा सहकारी स्टीव्हन्सन याच्या सैन्याने उत्तरेच्या डोंगरातून तोफा ओढत वर आणल्या, बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं, आतल्या तटाला शिड्या लावून ९४व्या पलटणीची तुकडी आत उतरली आणि तिने दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग दारातच लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक भोसल्यांच्या हातचं गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला मिळाला. मात्र गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले. बारा वर्षांनी हाच वेलस्ली वॉटर्लूवर नेपोलियनशी लढला. इंग्लंडमधल्या वाचकांना गाविलगड माहीत आहे तो बर्नार्ड कॉर्नवेलच्या ‘शार्प्स फोर्ट्रेस’ या कादंबरीमुळे. परतवाड्याच्या कॉलेजातल्या पोराला तो तितकाही माहीत नसावा, ही गोष्ट मनाला लागते.

यावर उपाय नाही असं कुणी म्हणेल तर मेळघाटाकडे बोट दाखवावं लागेल. १९७३-७४ मध्ये देशात पहिले जे नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. आज तिथे जिप्सीतून सफारीला निघालं की गाइड सोबत असतोच, तो नियम आहे. तो गाइड बहुधा जवळच्याच गावचा कोरकू तरुण असतो. वाघ दिसेलच याची खात्री नसते, पण विष्ठा कुणाची, साल कुणी ओरबाडली, सांबर ओरडलं ते कशामुळे, हे तो सांगत जातो आणि वाघ न दिसताही फेरी वाया जात नाही. त्याला मजुरी मिळते, जंगल राखण्यात त्याचा जीव गुंतलेला असतो. न दिसणाऱ्या वाघासाठी माणूस बंधनकारक, आणि डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या सहाशे वर्षांच्या किल्ल्यासाठी मात्र कुणीच नाही. याच डोंगरात, याच माणसांमधून किल्ल्याचेही माहीतगार तयार होऊ शकतात.

त्यांना शिकवायचं काय, हा प्रश्न मात्र मनावर घ्यायला हवा. पाठ केलेली पाच मिनिटांची कॅसेट वाजवणारा गाइड नसलेलाच बरा. कीचकदरीची गोष्ट चिखलदऱ्यात सांगावीच, ती तिथल्या मातीतली आहे. पण ती दंतकथा म्हणून सांगावी आणि १८०३ ची लढाई इतिहास म्हणून. बाळापुरात बाळादेवी, खानकाह आणि राजपूत सेनापतीची छत्री एकाच दमात, कुणाचाही मान कमी न करता सांगता यावी. जिथे माहिती नाही तिथे ‘हे माहीत नाही’ असं म्हणायची सवय लागावी. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत इतिहास शिकवणारी माणसं आहेत. त्यांनी तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, त्यातले निम्मे दिवस किल्ल्यावरच घालवले, तर हे अवघड नाही. गर्दीला शिस्त लावणं आणि पाहुण्याशी गोड बोलणं वऱ्हाडाला नव्याने शिकावं लागणार नाही. शेगावचे सेवेकरी ते रोज करून दाखवतात.

क्रुमलोवकडून एक धडाही घ्यायला हवा. तिथे पर्यटक इतके वाढले की जुन्या गावातली राहती घरं हॉटेलं आणि दुकानं झाली, रहिवासी बाहेर गेले. २०१८ मध्ये कातेरिना शेदा या चेक कलावतीने काही कुटुंबांना चक्क पैसे देऊन तिथे नेहमीचं आयुष्य जगायला आणलं, म्हणजे कपडे वाळत घालणं, गप्पा मारणं, पोरांनी खेळणं. पुढच्या वर्षी गावाने सहलीच्या बसगाड्यांना थांबण्यासाठी शुल्क लावलं. बाळापूर किंवा अचलपूर त्या टोकाला जाण्याची भीती आज नाही, पण सुरुवातच नीट केलेली बरी. लहान गट, ठरलेला दिवस, आणि पैसा त्याच गावात राहील अशी व्यवस्था.

रविवारी सकाळी अमरावतीहून एक गाडी अचलपूरमार्गे गाविलगडाला, अकोल्याहून एक बाळापूरला आणि पुढच्या रविवारी नरनाळ्याला. वाटेत अचलपूरचा हौज कटोरा. किल्ल्याच्या पायथ्याशी बचत गटाच्या बायांच्या हातचे रोडगे आणि वांग्याची भाजी. वऱ्हाडातली सहल रोडग्यांशिवाय होत नाही आणि होऊही नये. तिकिटातला ठरावीक वाटा सांगणाऱ्याचा, ठरावीक वाटा जागेच्या साफसफाईचा. हे तिन्ही किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, गाविलगड आणि नरनाळा जंगलातही येतात. तेव्हा पुरातत्त्व, वन आणि पर्यटन अशा तीन खात्यांना एका टेबलाशी बसावं लागेल. दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी बोलावलं तर ती बैठक एका दुपारी होऊ शकते.

शाळांच्या सहली डिसेंबरात निघतात आणि मुख्याध्यापक त्यांचे अर्ज दिवाळीनंतर भरतात. यंदा त्या अर्जात एक ओळ बदलावी. १५ डिसेंबरला निदान एका शाळेची गाडी गाविलगडावर असावी, आणि इतिहासाच्या सरांनी किंवा मॅडमनी त्या दोन डोक्यांच्या पक्ष्याखाली पोरांना पाऊण तास बसवावं.