वाचनाची नोंद आणि वाचकाचा हक्क

महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत कोण काय वाचतो, हें जाणून घेण्याची उत्कंठा अलीकडे पुष्कळांस लागली आहे. दाराशीं ओळखपत्र तपासणारें यंत्र, वाचनकक्षांत कॅमेरा, आणि प्रत्येक सभासदानें आजवर नेलेल्या पुस्तकांची संगणकांत कायमची यादी, असा हा थाट आहे. चालकांस ही शिस्त वाटते, पालकांस दक्षता वाटते. आम्ही तिला पाळत म्हणतों, आणि विद्येच्या घरीं पाळतीला जागा नसावी असें आमचें स्पष्ट मत आहे.

पुस्तक कोणाकडे आहे हें ग्रंथपालास ठाऊक असलें पाहिजे, याविषयीं वाद नाहीं. परंतु तें परत आलें कीं त्या नोंदीचें प्रयोजन संपतें. आपल्याकडील कित्येक ग्रंथालयांत पूर्वीं ब्राऊन पद्धतीनें देवघेव चाले. पुस्तकाचें कार्ड वाचकाच्या खिसेवजा तिकिटांत ठेवीत. पुस्तक परत येतांच कार्ड पुस्तकांत जाई आणि तिकीट वाचकाच्या हातीं येई. कोणी काय नेलें होतें याची खूण मागें उरत नसे. पुठ्ठ्याच्या त्या तुकड्यांची सभ्यता यंत्राला शिकवितां येत नाहीं असेंही नव्हे. मूळ न्यूझीलंडमध्यें तयार झालेली व आपल्या अनेक महाविद्यालयांत रुळलेली ‘कोहा’ ही संगणकप्रणाली परत आलेल्या पुस्तकाच्या नोंदींतून वाचकाचें नांव काढून टाकूं शकते. उणीव सोयीची नसून इच्छेची आहे.

यावर ठरीव प्रश्न येतो कीं, ज्याला लपवावयाचें कांहीं नाहीं त्याला भीति कसली? आमचा उलट प्रश्न असा कीं, घटस्फोटाच्या कायद्यावरील पुस्तक चाळणाऱ्या विद्यार्थिनीनें, मनोविकारांची माहिती शोधणाऱ्या मुलानें, किंवा आपल्याच धर्मावरील टीका वाचूं पाहणाऱ्या तरुणानें कोणता अपराध केला? आपली यादी कोणाच्या तरी टेबलावर जाते हें कळतांच तीं मुलें पुस्तक मागणारच नाहींत. दार उघडें राहील, पण प्रवेश बंद होईल. ग्रंथ जपण्यासाठीं नसून वापरण्यासाठीं असतात, हें डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं आपल्या पांच सूत्रांतून सांगितलें. भ्यालेला वाचक ग्रंथ वापरीत नाहीं. म्हणून खासगीपणा आणि प्रवेश हे दोन हक्क नसून एकाच हक्काच्या दोन बाजू आहेत.

डॉ. आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले, तेथील एक प्रसंग या बाबतींत बोधप्रद आहे. १९८७ सालीं तेथील गणित व विज्ञान ग्रंथालयांत एफ. बी. आय. या अमेरिकन तपासखात्याचे अधिकारी आले आणि परदेशी वाचक तेथें काय पाहतात याची चौकशी करूं लागले. शीतयुद्धाचे दिवस होते. देशाच्या सुरक्षिततेचें कारण तयार होतें. तरीही ग्रंथालयानें माहिती देण्याचें साफ नाकारलें. प्रकरण गाजलें, आणि पुढच्याच वर्षीं अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढें या उद्योगाची झडती झाली. महासत्तेच्या तपासखात्यास जें नाकारतां येतें, तें एखाद्या संस्थाचालकास किंवा उत्सुक पालकास नाकारणें आमच्या ग्रंथपालांस अशक्य कां व्हावें?

आतां तर कायदाही त्यांच्या पाठीशीं आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २०१७ सालीं एकमतानें दिला. काम संपल्यावर गोळा केलेली माहिती पुसावी, हें तत्त्व २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानें मान्य केलें आहे. तेव्हां आमची मागणी अवाजवी नाहीं. पुस्तक परत येतांच नोंद पुसावी. न्यायालयाच्या हुकुमावांचून कोणाचेंही वाचन कोणासही सांगूं नये. नियतकालिकें पुरविणाऱ्या कंपन्यांशीं करार करतांना वाचकांची नांवें त्यांच्या हवालीं करूं नयेत.

आणि पालकांस एवढेंच विनवावेंसें वाटतें: मुलगा काय वाचतो हें जाणावयाचें असेल, तर त्यालाच विचारा. त्याचा तुमच्यावर विश्वास असेल तर तो सांगेल. तो विश्वास नसेल, तर ग्रंथालयाच्या यादींतून तो मिळावयाचा नाहीं.