रक्तपिपासूला राजमुकुट

पिशाचाला माझा आक्षेप नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. धर्मगुरूने भुताखेतांच्या गोष्टींविषयी लेखणी उचलली, की तो आता साऱ्या भयकथा चुलीत घालायला सांगणार, अशी वाचकांची समजूत होते. मला तसे काही सांगायचे नाही. वाइटाला वाईट म्हणणारी भयकथा मी स्वतः वाचतो. नारायण धारपांची 'लुचाई' ही स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट'वरून मराठीत उतरलेली कादंबरी. रक्त पिणारे अमंगळ वस्तीत शिरते आणि ते अमंगळच आहे, याविषयी वाचकाच्या मनात किंतु उरत नाही. तो घाबरतो आणि त्याने घाबरावे हेच योग्य असते.

माझा आक्षेप निराळ्या मालाला आहे. आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली हल्ली मोबाईलवर भागाभागाने ज्या कथा वाचतात, त्यांतील एक साचा आता पालकांनाही परिचित झाला असेल. एक जुने संस्थान असते. राजवाड्यात तीनशे वर्षे म्हातारा न झालेला, देखणा आणि खिन्न युवराज राहतो. दरबारात कारस्थाने, तळघरात शवपेटी. मग एक साधी मुलगी वाड्यात येते. तिचे रक्त पिण्याची त्याला अनावर इच्छा होते आणि केवळ प्रेमाखातर तो स्वतःला आवरतो. इतिहास, शृंगार आणि पिशाच यांची ही खिचडी चवीला बरी लागते, हे मी नाकारीत नाही. ती पोटात गेल्यावर काय करते, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा साचा आपल्या मातीतला नव्हे. जॉन पॉलिडोरी या इंग्रज वैद्याने १८१९ साली रक्तपिपासूला प्रथम उमरावाचा पोशाख चढवला. ब्रॅम स्टोकर यांचा 'ड्रॅक्युला' १८९७ सालचा. त्यातील काउंट सरदार असला तरी प्रियकर नाही. स्त्रिया त्याच्या शिकार आहेत आणि लेखक त्यांच्या बाजूने उभा आहे. खरे वळण लागले ते १९९२ साली, फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या चित्रपटाने. त्यात ड्रॅक्युला म्हणजे पंधराव्या शतकातील वालाखियाचा राजा व्लाद. त्याच्या मृत्यूची खोटी वार्ता ऐकून राणी जीव देते. धर्मगुरू सांगतो, की तिचा आत्मा कायमचा दंडित झाला. राजा संतापाने क्रुसात तलवार खुपसतो, क्रुसातून वाहणारे रक्त पितो, पिशाच होतो आणि चार शतके तिचीच वाट पाहतो. पुढे २००५ पासून आलेल्या 'ट्वायलाइट' मालिकेने शतकाहून अधिक वयाचा नायक आणि सतरा वर्षांची नायिका ही जोडी जगभर लोकप्रिय केली. २०२५ च्या दिवाळीत आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाच्या 'थामा' या हिंदी चित्रपटाने आपल्या बेताळांनाही प्रेमकथेत आणून बसवले.

त्या १९९२ च्या चित्रपटातील धर्मगुरूपाशी मला थोडे थांबायचे आहे. आत्महत्या केलेल्यांना एके काळी चर्चविधीने दफन नाकारले जात असे, हे खरे आहे; ते लपवण्यात अर्थ नाही. परंतु १९८३ च्या धर्मसंहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या कारणांत आत्महत्येचा उल्लेख उरलेला नाही. ज्या वर्षी हा चित्रपट झळकला त्याच १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसृत केलेली कॅथलिक धर्मशिक्षणाची संहिता सांगते, की अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आशा सोडू नये. परमेश्वराला ठाऊक असलेल्या मार्गाने तिला पश्चात्तापाची संधी मिळू शकते. ख्रिस्तसभा तिच्यासाठी प्रार्थना करते. यवतमाळ जिल्ह्यात ही गोष्ट पुस्तकातली नाही. कापूस बुडाला, कर्ज फिटेना, म्हणून ज्या घरातला कर्ता पुरुष फवारणीचे औषध पिऊन गेला, त्या घरात हा विषय रोज ताटावर बसतो. अशा घरातल्या मुलीने मोबाईलवर वाचावे, की जीव देणाऱ्याचा आत्मा दंडित होतो आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्याने देवाशी वैर धरून पिशाच व्हावे, हेच खरे प्रेम! करमणूक म्हणून हे खपवणाऱ्यांनी त्या ओसरीवर एकदा येऊन बसावे.

दुसरा मुद्दा विवाहाचा. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात मुलींकडून एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत ऐकू येते: तो रागीट आहे, पण माझ्यावर जीव आहे म्हणून रागावतो, लग्न झाले की निवळेल. हे वाक्य या कथांच्या पूर्वीपासून आहे, त्याचा दोष मी त्यांच्या माथी मारीत नाही. पण या कथा त्या वाक्याला राजवस्त्रे नेसवतात. नायक नायिकेला मारू शकतो आणि मारीत नाही, हाच त्याच्या प्रेमाचा पुरावा! शेजारच्या गल्लीतल्या एखाद्या नवऱ्याने हेच म्हटले असते, तर आपण त्याला पोलीस पाटलापुढे उभे केले असते. युवराज म्हणाला, की ते काव्य होते.

यात राजदरबार कशासाठी लागतो? सत्ता जुनी आणि वंशपरंपरेची असली की तिला जाब विचारावासा वाटत नाही, म्हणून. व्लाद राजाने माणसे सुळावर चढवली, ही त्याच्याविषयीची इतिहासातली मुख्य आठवण. चित्रपट पाहून उठलेल्या तरुणाला ती माणसे आठवतात काय? त्याला विरही नवरा आठवतो. राजाला पिशाच करणे ही शिक्षा वाटते. प्रत्यक्षात ती सुटका आहे. ज्याचा गुन्हा शाप ठरला, त्याचा निवाडा कोण करणार?

आपल्याकडे याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. वय अवघे अठरा. आज त्या वाड्याविषयी दहा जणांना विचारा; नऊ जण पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या 'काका, मला वाचवा' या हाकेची गोष्ट सांगतील आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला ही आख्यायिका तिला जोडतील. धन्याच्या अंगावर पडून स्वतःला कापून घेणारा चापाजी टिळेकर किती जणांना आठवतो? तो हुजऱ्या होता. त्याचे भूत झाले नाही, म्हणून तो गोष्टीतूनही गेला. आणि रामशास्त्री प्रभुणे! चौकशी करून राघोबादादांच्या तोंडावर, तुम्हांला देहांताखेरीज प्रायश्चित्त नाही, असे सांगणारा आणि न्यायासन सोडून पुण्याबाहेर पडणारा हा माणूस त्या वाड्यातला सर्वांत अद्भुत माणूस नव्हे काय? हाक ऐकू येते, निकाल ऐकू येत नाही. भुताने न्यायाधीशाला वाड्याबाहेर घालवले, ते असे.

दरबार आणि प्रेम एकत्र आणूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. कृ. प्र. खाडिलकरांचे १९०९ चे 'भाऊबंदकी' याच खुनावर उभे आहे. राघोबा आणि आनंदीबाई हे नवरा-बायकोच आहेत आणि सत्तेचा मोह त्यांच्या नात्यातूनच वाहतो. परंतु खाडिलकरांनी रामशास्त्र्यांना रंगभूमीवरून हलू दिले नाही. फरक तेवढाच, पण तोच सर्वस्व आहे.

कोणी म्हणेल, फादर, आपल्या परंपरेतही राजा आणि पिशाच एकत्र आहेतच की! आहेत. छापील मराठीच्या बाल्यावस्थेत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली, आणि रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली त्याच कथा इंग्रजीत नेताना वेताळाला व्हॅम्पायर हाच शब्द वापरला. तेव्हा हे मिश्रण आपल्याला नवे नाही. पण तो वेताळ काय करतो ते पाहा. तो राजाच्या खांद्यावर बसतो. प्रेमाच्या, मोहाच्या, त्यागाच्या कथा सांगतो आणि प्रत्येक कथेच्या शेवटी राजाला विचारतो: सांग, यात दोषी कोण? खरा पती कोण? कोणाचा त्याग मोठा? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहील, तर त्याचे मस्तक फुटेल. प्रेत प्रश्न विचारते आणि सिंहासनाला उत्तर द्यावे लागते! नव्या कथांत वेताळ खांद्यावरून उतरून स्वतःच गादीवर बसला आहे. आता प्रश्न कोण विचारणार?

पिशाचाचा प्रश्न एका खऱ्या राजदरबारापुढेही एकदा आला होता. १७५५ साली मोराव्हियातील एका खेड्यात एका स्त्रीचे प्रेत, ती पिशाच झाली म्हणून, उकरून जाळण्यात आले. कॅथलिक सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपला वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याच्याकडून अहवाल मागवला. त्याने हे सारे अज्ञान असल्याचा निर्वाळा दिला आणि सम्राज्ञीने प्रेते उकरण्यास बंदी केली. त्या काळी पोपपदी असलेले चौदावे बेनेदिक्त यांनीही संतपदाविषयीच्या आपल्या ग्रंथात या समजुतीला थारा दिला नाही. करणीच्या संशयावरून बाईला झोडपणाऱ्यांसाठी महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला, हे ध्यानात घेतले तर त्या वैद्याचे मोल कळेल. दरबारी कादंबरीला याहून उत्तम कथानक कोणते हवे? पण त्यात पिशाच निघत नाही, म्हणून कोणी लिहीत नाही.

आता रक्ताविषयी. आपण कॅथलिक माणसे रक्त या शब्दाला बिचकत नाही. प्रत्येक मिस्सात तो वेदीवरून उच्चारला जातो. म्हणूनच ही कथा इतरांपेक्षा आपल्याला अधिक सलली पाहिजे, कारण तिने आपलीच भाषा उचलून उलटी केली आहे. प्याला, रक्त, अमरत्व, जन्मोजन्मीचे मीलन हे सारे तिच्यात आहे. दिशा तेवढी विरुद्ध आहे. ख्रिस्त स्वतःचे रक्त देऊन दुसऱ्याला जीवन देतो. पिशाच दुसऱ्याचे घेऊन स्वतःचे वय लांबवते. हे दोन प्याले एकाच ओठांना लावता येत नाहीत. स्टोकर यांनी तर पवित्र भाकर मळून थडग्याच्या फटी लिंपायला वापरली, जणू ती ताईत होती! त्या गैरसमजाला मी हसून सोडून देईन. पण घेणाऱ्यालाच प्रेमी ठरवणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

मराठी कादंबरीने आपला पहिला श्वास कोठे घेतला, तेही आठवावे. १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने 'यमुनापर्यटन' लिहिली. ते प्रॉटेस्टंट होते, पण त्यांचा वारसा सांगायला आपल्याला संकोच नसावा. त्यांनी राजकन्या शोधली नाही, विधवांची दुःखे पाहिली. चारच वर्षांनी 'मुक्तामाला' आली आणि अद्भुतरम्य कथांचे पेव फुटले; तेव्हा हा मोह नवा नाही. पण पदमनजींची वाट बुजली नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले, शेतकऱ्याच्या विधवेने. त्यामागे निमंत्रण रद्द करण्याचा जो अशोभनीय वाद झाला, तो सर्वज्ञात आहे, असो. तरी यमुनेला भेटलेली विधवा एकशे बासष्ट वर्षांनी आमच्या जिल्ह्यात व्यासपीठावर उभी राहिली आणि तिने साहित्यिकांना ऐकायला लावले.

आपल्या तरुण लेखक-लेखिकांना म्हणून माझी विनंती आहे, की मोबाईलवरच लिहायचे तर खुशाल लिहा. राजवाडा हवा असेल तर शनिवारवाडा घ्या. प्रेम हवे असेल तर चापाजीच्या बायकोचे घ्या. त्या संध्याकाळी ती त्याची वाट पाहत होती की नव्हती, हे इतिहासाने लिहून ठेवलेले नाही. ती जागा तुमच्यासाठीच मोकळी आहे. संपादकांनी अशी कथा छापली, तर अंक हाती येताच ती मी प्रथम वाचीन. तीत वेताळ असला तरी चालेल, फक्त त्याला खांद्यावर बसवा.