पावती आहे का?

सेकंडहँड वस्तू घेण्यात एक वेगळाच थ्रिल असतो, नाही? कमी पैशात जास्त पदरात पडल्याचा! मागच्या महिन्यात ओळखीच्या ओळखीतून मला चौदा हजारांत लॅपटॉप मिळाला. ऑफिस सुटल्यावर शिवाजीनगर स्टेशनवर डील झालं. चार्जिंग संपलेलं होतं. ‘घरी जाऊन लावा, एकदम मक्खन चालतो,’ विकणारा म्हणाला. मी आपली खूष. लोणावळा लोकलमध्ये बॅग मांडीवर घट्ट धरून कामशेतला आले. (पुण्यातली भाडी परवडेनात म्हणून मी इथे राहते. मित्रमैत्रिणी विचारतात, ‘रोज पॅराग्लायडिंग करतेस का गं?’ मी म्हणते, रोज आठची लोकल पकडते, तेवढा थरार बास!)

घरी चार्जर लावला, स्क्रीन उजळली... आणि समोर कुणा भलत्याच माणसाचं नाव. खाली रिकामी चौकट : पिन टाका. १२३४ टाकून बघितलं. ०००० टाकून बघितलं. तुम्हीही हेच केलं असतं, उगाच हसू नका.

दुसऱ्या दिवशी कामशेतच्या बाजारपेठेतल्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे गेले. वाटलं, हा काहीतरी बटणं दाबेल, दोनशे रुपये घेईल, काम फत्ते! त्याने लॅपटॉप उलटा केला, खालचा सीरियल नंबर बघितला आणि म्हणाला, ‘ताई, पावती आहे का?’

पावती? माझ्याकडे होता फक्त ऑनलाइन पेमेंटचा स्क्रीनशॉट. त्यात ना मॉडेल, ना नंबर. मला जाम राग आला. मी काय चोर वाटते? पण खरं सांगू, त्या काउंटरसमोर मी आणि लॅपटॉप ढापून आणलेला माणूस, यांत बाहेरून काहीच फरक नव्हता. चोरीचा माल आहे हे माहीत असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. मोबाइलचं निदान बरं, आयएमईआय नंबर टाकून ‘संचार साथी’वर तो ब्लॉक केलेला आहे का ते बघता येतं. बहुतेक लॅपटॉपना आयएमईआयच नसतो.

मग त्याने चहा मागवला आणि समजावून सांगितलं. लॅपटॉपची कुलपं तीन. विंडोजचा पासवर्ड म्हणजे खोलीचं दार. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली की ते उघडतं, पण आतलं सामान जातं. बायोसचा पासवर्ड म्हणजे वाड्याची दिंडी. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सेल काढला की तो उडायचा. आताच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तसं होत नाही, कंपनीकडे जावं लागतं आणि तिथेही मालकीचा पुरावा मागतात. तिसरी तिजोरी : बिटलॉकर. सगळी डिस्कच कोड्यात बंद, तिची ४८ आकडी किल्ली बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये. ‘तुमचं पहिलंच कुलूप दिसतंय. अर्ध्या तासाचं काम आहे. पण आधी मालकाला फोन लावा.’

फोन लावले. विकणाऱ्याने तो लॅपटॉप दोन महिन्यांपूर्वीच घेतलेला, उघडलाही नव्हता. मूळ मालक चिंचवडचे. ते त्याला म्हणाले होते, ‘फॉरमॅट करून घे.’ तो म्हणाला होता, ‘हो.’ संपला विषय! मी सांगितल्यावर काका फोनवर एकदम गप्प झाले. मग म्हणाले, ‘त्यात माझं पॅन कार्ड आहे. होम लोनची सगळी कागदपत्रं आहेत. मुलीचे शाळेचे फॉर्मसुद्धा.’

नुसता विंडोजचा पासवर्ड त्यांना वाचवणार नव्हता. डिस्क बिटलॉकरने बंद नसेल, तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळं वाचता येतं. रिपेअरवाल्याने आणि मी ठरवलं असतं, तर...

रविवारी लोकलने चिंचवडला गेले. काकांनी एटीएमसारखा एका हाताने कीबोर्ड झाकून पिन टाकला. हवं ते पेनड्राइव्हवर घेतलं, अकाउंटमधून हा लॅपटॉप काढून टाकला आणि रीसेटमध्ये ‘सगळं काढून टाका’ निवडून डिस्क पुसून घेण्याचा पर्यायही चालू केला. दोनेक तास गेले. तेवढ्यात पोहे झाले, कॉफी झाली. निघताना त्यांनी साध्या वहीच्या कागदावर लिहून दिलं : मॉडेल, सीरियल नंबर, तारीख, सही.

पासवर्डचा जन्म अमेरिकेतल्या एमआयटीत झाला, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. एकच कॉम्प्युटर बरेच जण वापरायचे, म्हणून कुणाच्या फायली कुणाच्या हे राखण्यासाठी फर्नांडो कोर्बाटो यांच्या टीमने ही सोय केली. म्हणजे तेव्हाही प्रश्न हाच होता : हे कुणाचं?

तेव्हा मंडळी, सेकंडहँड लॅपटॉप घेताना चार्जर बरोबर न्या, विकणाऱ्यासमोर सुरू करून बघा, त्याच्याकडूनच रीसेट करून घ्या आणि चिठोऱ्यावर का होईना, पावती घ्या.

परतीच्या लोकलमध्ये मला माझा जुना लॅपटॉप आठवला. २०१९मध्ये एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता. आधार कार्ड, सॅलरी स्लिप, गोव्याचे फोटो, सगळ्यासकट. आणि त्याला तर पासवर्डही नव्हता!