दोह्यातील ती गोलरेषा आणि आपला निषेध

येत्या ११ जूनला मेक्सिको सिटीत विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा पहिला सामना सुरू होईल. ही तारीख भारतीय फुटबॉलच्या स्मरणात वेगळ्याच कारणाने रुतून बसलेली आहे. बरोबर दोन वर्षांपूर्वी, ११ जून २०२४ रोजी, याच विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दोहा येथे भारत कतारविरुद्ध १-० ने पुढे होता. ३७ व्या मिनिटाला लालियानझुआला छांगते याने गोल केला होता आणि ही आघाडी टिकली असती तर आजवर कधीही न गाठलेली तिसरी फेरी भारताने गाठली असती. ७३ व्या मिनिटाला कतारच्या युसुफ आयमेनचा हेडर गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवला. तो खाली पडलेला असताना चेंडू त्याच्यापासून निसटून गोलखांबाच्या बाजूने गोलरेषेपलीकडे गेला. आता कॉर्नर मिळणार, असे समजून भारतीय खेळाडू थांबले. तेवढ्यात हाशमी हुसेन याने रेषेबाहेरचा चेंडू पायाने आत ओढला आणि आयमेनने तो जाळ्यात ढकलला. दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग यांनी गोल दिला, सहायक पंचाचा झेंडा वर गेला नाही आणि खेळाडूंनी कितीही आर्जवे केली तरी निर्णय फिरला नाही. पुढे ८५ व्या मिनिटाला अहमद अल-रावीने दुसरा गोल केला आणि भारत २-१ ने हरला.

दुसऱ्या दिवशी देशातील बहुतेक क्रीडापानांवर एकच सूर होता. लूट, दरोडा, फसवणूक हे शब्द मोठ्या टायपात छापले गेले. चेंडू आणि पांढरी रेषा यांच्यामधला हिरवा पट्टा स्पष्ट दाखवणारे ते स्थिरचित्र एव्हाना प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचले होते. एरवी क्रिकेटपलीकडे न पाहणाऱ्या वाहिन्यांनीही त्या रात्री फुटबॉलला वेळ दिला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सामना आयुक्तांकडे तक्रार केली, फिफा आणि आशियाई महासंघ यांना पत्रे लिहिली, चौकशीची मागणी केली आणि झालेल्या नुकसानीची क्रीडात्मक भरपाई मिळावी असेही सुचवले. निकाल बदलला नाही. आठवडाभरातच प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांची गच्छंती झाली आणि वृत्तपत्रांना दुसरा विषय मिळाला.

हा निषेध योग्य होता का, हा प्रश्न मी जबलपूरमध्ये बसून विचारतो आहे आणि त्याला कारण आहे. हे गाव फुटबॉलचे नव्हे. ध्यानचंद यांचे धाकटे बंधू रूपसिंग यांचा जन्म १९०८ मध्ये इथला, त्यामुळे खेळाचा अभिमान सांगायचा तर इथला माणूस हॉकीचा सांगतो. पण जबलपूर हे त्याहूनही अधिक न्यायालयाचे गाव आहे. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेबरोबर नागपूरचे उच्च न्यायालय इथे आले. अपील म्हणजे काय आणि ते कशावर करता येते, हे इथल्या चहाच्या टपरीवरही कळते. तथ्याचा प्रश्न वेगळा आणि कायद्याचा प्रश्न वेगळा. दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते, ‘साक्षीदार खोटे बोलला’ एवढ्या तक्रारीवर नाही.

फुटबॉलचे न्यायशास्त्र नेमके याच भेदावर उभे आहे. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, गोल झाला की नाही, या खेळातील तथ्यांविषयी पंचाचा निर्णय नियमावलीनुसार अंतिम असतो आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर पंच स्वतःही तो बदलू शकत नाही. चेंडू संपूर्णपणे रेषेपलीकडे गेला की तो खेळाबाहेर, हा नियम दोह्यातील पंचांना ठाऊक नव्हता असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी तो चुकीचा लावला असेही नाही. जे घडले ते त्यांना दिसले नाही. म्हणून आपली तक्रार शंभर टक्के खरी असूनही अपिलात टिकणारी नव्हती. आपल्या क्रीडापत्रकारांपैकी फार थोड्यांनी वाचकाला हे सांगितले. उरलेल्यांनी फेरसामन्याची आशा दाखवली.

फेरसामने होतच नाहीत असे नव्हे. ३ सप्टेंबर २००५ रोजी ताश्कंद येथे उझबेकिस्तानने बहारीनला १-० ने हरवले. त्या सामन्यात उझबेकांनी पेनल्टीवर गोल केला, पण किक मारण्यापूर्वीच त्यांचा एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात शिरला होता. नियमानुसार किक पुन्हा घ्यायला हवी होती. जपानी पंचांनी बहारीनला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. ही नजरेची नव्हे, कायद्याची चूक होती. जिंकलेल्या उझबेकांनी आपल्याला सामना ३-० असा बहाल करावा अशी मागणी केली, तर फिफाने निकालच रद्द करून फेरसामना लावला. तो १-१ असा बरोबरीत सुटला, मनामा येथील परतीचा सामना ०-० झाला आणि परक्या मैदानावरील गोलच्या जोरावर बहारीन पुढे गेला. न्याय मागायला गेलेला फिर्यादी हातचा विजय गमावून परतला.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिने सेनेगलला हरवले ते पंचांनी दिलेल्या एका चमत्कारिक पेनल्टीच्या आधाराने. फिफाने पुढे त्या पंचांवर आजीव बंदी घातली आणि सामना पुन्हा खेळवला. तिथे आरोप दृष्टिदोषाचा नव्हता, निकाल वळवण्याचा होता आणि तो सिद्ध झाला होता. दोह्याच्या बाबतीत असा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. तरीही आपल्याकडील काही मंडळींनी ‘पंच विकला गेला’ असे सूचित करायला मागेपुढे पाहिले नाही. यजमान श्रीमंत आहे, एवढेच त्यांचे प्रमाण. चूक आणि भ्रष्टाचार यांतील अंतर ज्या पत्रकारितेला राखता येत नाही, तिला गंभीरपणे कोण घेणार?

मग दाद मिळणार नसेल तर निषेध का करावा? इथे जबलपूरचे नाव असलेला एक खटला आठवल्यावाचून राहत नाही. तुलना विषम आहे, हे आधीच मान्य करतो; एकीकडे माणसांचे स्वातंत्र्य, दुसरीकडे चेंडूचा खेळ. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांना न्यायालयाचे दार ठोठावता येते, असे ज्या उच्च न्यायालयांनी म्हटले त्यांत इथले न्यायालयही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ते फिरवले. ‘ए.डी.एम. जबलपूर’ या नावाने तो निकाल कुप्रसिद्ध झाला. बरोबर निर्णय देणाऱ्या गावाचे नाव चुकीच्या निर्णयाला कायमचे चिकटले, हा इथल्या वकिलांचा जुना सल आहे. न्या. हंसराज खन्ना यांच्या भिन्नमताने एकाही स्थानबद्धाची सुटका झाली नाही. पण ते नोंदले गेले होते, म्हणूनच ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाला १९७६ चा निकाल पुसताना हाताशी धरायला काही होते.

क्रीडापत्रकारितेचा निषेध या जातीचा असावा लागतो. त्याने झालेला सामना परत मिळत नाही, पुढचा नियम बदलतो. २०१० च्या विश्वचषकात ब्लोमफाँटेनला फ्रँक लॅम्पार्डचा फटका गोलरेषेच्या स्पष्ट आत पडूनही गोल दिला गेला नाही. ब्रिटिश वृत्तपत्रांनी तो विषय सोडला नाही आणि दोन वर्षांत, जुलै २०१२ मध्ये, गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. इंग्लंडला त्याचा त्या दिवसापुरता काहीही उपयोग झाला नाही. आयर्लंडचे उदाहरण याच्या उलट. नोव्हेंबर २००९ मध्ये थिएरी आन्रीने हाताने चेंडू अडवल्याने त्यांची विश्वचषकाची वाट बंद झाली. फेरसामन्याची मागणी फेटाळली गेली, पण फिफाने आयरिश महासंघाला ५० लाख युरो दिले आणि ही गोष्ट जगाला कळली ती २०१५ मध्ये. सार्वजनिक निषेधाची खासगी तडजोड झाली की काय होते ते यावरून समजावे.

आपल्याकडेही एक जवळचा दाखला आहे. ५ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला हॉकीच्या उपान्त्य सामन्यात शूटआउटच्या पहिल्याच प्रयत्नाला सविता पुनियाने ऑस्ट्रेलियाच्या रोझी मलोनला रोखले. मात्र घड्याळ सुरूच झाले नव्हते, असे सांगून प्रयत्न पुन्हा घ्यायला लावला गेला आणि या वेळी गोल झाला. भारताच्या मुली ३-० ने हरल्या. दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय महासंघाने माफी मागितली. हॉकीत भारताचा शब्द वजनदार आहे म्हणून ती आली, हे उघड आहे. फुटबॉलमध्ये तो नाही.

दोह्यातील प्रकरणाचा खरा गाभा पंचांच्या नजरेत नव्हताच. आशियाई पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत व्हिडिओ सहायक पंच, म्हणजे ‘व्हीएआर’, ही सोय नव्हती. तिसऱ्या फेरीत ती होती. जिथे भारत, अफगाणिस्तान, कुवेत यांच्यासारखे संघ जिवाच्या आकांताने खेळतात तिथे दोन डोळे आणि एक झेंडा, आणि जिथे जपान, कोरिया, सौदी अरेबिया पोहोचतात तिथे कॅमेऱ्यांची फौज. सोयीचा हा उतार बलवानांच्या बाजूचा आहे. तालुका न्यायालयात टंकलेखक मिळू नये आणि सर्वोच्च न्यायालयात सारे कामकाज थेट प्रक्षेपित व्हावे, तसे हे आहे. चूक कुठेही होते. ती दुरुस्त होण्याची शक्यता मात्र क्रमवारीनुसार वाटली गेलेली आहे. भारतीय माध्यमांनी लावून धरावा असा मुद्दा हा होता. आशियातील सर्व दुबळे संघ त्यात आपल्याबरोबर आले असते. आपण त्याऐवजी कोरियन पंचांचे छायाचित्र छापत बसलो.

यजमानपद भूषवणाऱ्या, आशियाई विजेतेपद लागोपाठ दोनदा जिंकणाऱ्या कतारला त्या दिवशी गुणांची गरजही नव्हती. बहुतेक प्रमुख खेळाडूंना विश्रांती देऊन तरुण संघ उतरवला होता. त्याच्यासमोर ७३ व्या मिनिटापर्यंत आघाडी राखली हे कौतुकास्पद; पण गटाचे गणितही वाचकासमोर मांडायला हवे होते. त्याच दिवशी कुवेतने अफगाणिस्तानला हरवून सात गुण केले. भारताचे पाच होते. म्हणजे १-१ अशी बरोबरीही पुरणार नव्हती. विजयच हवा होता. ही वेळ आली ती त्याच वर्षी मार्च महिन्यात गुवाहाटीला, घरच्या मैदानावर, अफगाणिस्तानकडून १-२ असा पराभव पत्करल्यामुळे. त्या आधीचा आभा येथील सामना गोलशून्य राहिला होता. त्या दोन सामन्यांत कोणाही पंचाने भारताचे काही हिरावून घेतले नव्हते.

आणि आपल्या घरात काय चालते? दिल्लीहून झुरिकला ‘व्हीएआर का नाही’ असे विचारणाऱ्या आपल्या महासंघाच्या अव्वल लीगमध्येही तेव्हा ‘व्हीएआर’ नव्हते. मार्च २०२३ मध्ये बेंगळुरूविरुद्ध सुनील छेत्रीची झटपट घेतलेली फ्री किक वैध ठरवली गेली म्हणून केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. महासंघाने त्याला चार कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली. मैदान सोडणे चूकच, शिक्षाही व्हायला हवी होती. पण पंचांच्या निर्णयावर हरकत घेण्याची सभ्य, लेखी, ठरावीक मुदतीत उत्तर देणारी व्यवस्था देशातच नसेल, तर फिफाकडे ती मागण्याचा आपला नैतिक अधिकार किती? पंच घडवण्याचेही तेच. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ च्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. अशी नावे बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि क्रीडापानांवर त्यांना किती जागा मिळते, हे वाचकच सांगू शकतील.

सामना आयुक्तांच्या अहवालात काय होते, पत्रांना काय उत्तर आले, पुढील पात्रता स्पर्धांत सर्व फेऱ्यांना ‘व्हीएआर’ देण्याची मागणी आशियाई महासंघाच्या बैठकीत भारताने लेखी मांडली का, हे प्रश्न लावून धरणारी बातमी माझ्या वाचनात तरी आली नाही. निषेध एक आठवडा टिकला. उझबेकिस्तानचा राग वीस वर्षे टिकला. पण त्यांनी तो वयोगटाच्या संघांत आणि प्रबोधिनींत गुंतवला. २०२३ मध्ये वीस वर्षांखालील आणि २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील आशियाई विजेतेपद त्यांनी मिळवले, आणि जून २०२५ मध्ये त्यांचा संघ प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी कतारने दोह्यात संयुक्त अरब अमिरातींना हरवून विश्वचषकातील जागा पक्की केली. त्याच दिवशी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरशी खेळत होता, २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रतेसाठी. दोह्यात जिंकलो असतो तर ही पात्रता द्यावीच लागली नसती. १४ व्या मिनिटाला गोल केला तो पुन्हा छांगतेनेच. त्यानंतर सिंगापूरने दोन गोल केले आणि भारत २-१ ने हरला. दोन्ही गोलांच्या वेळी चेंडू मैदानातच होता.