मुंबईच्या मातीचा हिशेब द्या

प्रति,
माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : शहराच्या मातीतील शिसे व अन्य जड धातूंची तपासणी



मुंबईची हवा आज कशी आहे, हे सकाळी मोबाइलवर कळते. नळाच्या पाण्याचे नमुने आपली प्रयोगशाळा तपासते. पण मुले ज्या मातीत खेळतात तिच्यात शिसे किती, हे विचारायला नागरिकाने कोणत्या खात्यात जायचे? शिवाजी पार्कची लाल माती घराघरांत शिरू लागली तेव्हा रहिवासी भांडले आणि आयआयटीच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला. ती माती उडत होती, म्हणून तिची दखल तरी घेतली गेली. शिसे डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही.

शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. त्याआधी कित्येक दशके धुरातून खाली बसलेले शिसे मात्र तिथेच आहे. धातू कुजत नाही. शिसे मातीच्या वरच्या थराला धरून राहते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७मध्ये आली, पण त्यापूर्वीचे रंग जुन्या चाळींच्या भिंतींवरून आजही पोपडे होऊन गळतात. भंगारवाल्यांकडे फुटणाऱ्या बॅटऱ्या आणि इलेक्ट्रोप्लेटिंगच्या गाळ्यांतून वाहणारे पाणी यांची भर वेगळीच.

याची झळ सर्वांत आधी रांगत्या मुलांना बसते. मातीने भरलेला हात तोंडात जातो, आणि पोटात गेलेले शिसे लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषते. ना ताप येतो, ना पुरळ उठते. वाढत्या मेंदूचे नुकसान होते, आणि शाळेत ‘याचे लक्षच नसते’ असा शेरा मिळतो. युनिसेफच्या २०२०च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असावे. त्यात भांडी, मसाले, बॅटऱ्या या सगळ्यांचा हात आहे. मातीचा वाटा किती, हे मोजल्यावरच कळेल.

दूषित जागा शोधण्याची जबाबदारी आता कायद्यानेही आपल्याकडे आली आहे. केंद्र सरकारच्या दूषित स्थळ व्यवस्थापन नियम, २०२५ प्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित दूषित जागा स्वतःहून किंवा नागरिकांच्या तक्रारीवरून शोधायच्या आणि दर सहा महिन्यांनी त्यांची नोंद करायची. पुढची तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायची. माझा प्रश्न साधा आहे : मुंबईतल्या अशा किती जागा आपण नोंदवल्या?

देवनारचेच पाहा. १९२७पासून शहराचा कचरा तिथे पडतो आहे. त्यातली १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी दिली गेली आहे. कचऱ्याचा डोंगर उचलला म्हणजे खालची माती स्वच्छ झाली, असे होत नाही; इतक्या वर्षांचे कचऱ्यातून झिरपलेले काळे पाणी तिच्यात मुरले आहे. घरे बांधायची तर त्या मातीचे अहवाल आधी लोकांसमोर यायला हवेत. इमारतीचे वजन पेलण्यासाठी होणारे माती परीक्षण वेगळे आणि मुलाच्या आरोग्यासाठी लागणारे वेगळे.

म्हणून तीन मागण्या करतो. पहिली, पालिकेच्या बालवाड्या, शाळांची मैदाने आणि उद्याने यांची माती तपासा. हातात धरायचे एक्स-रे यंत्र जागेवरच मिनिटा-दोन मिनिटांत प्राथमिक अंदाज देते. संशयास्पद नमुने तेवढे प्रयोगशाळेत पाठवावे लागतील. दुसरी, निकाल प्रभागवार नकाशावर जाहीर करा. तिसरी, पुनर्विकासातून निघणारी माती बागेत, मैदानात किंवा भरावात जाण्याआधी तिचे धातू परीक्षण बंधनकारक करा.

नकाशा जाहीर झाला की घबराट पसरेल, जागांचे भाव पडतील, अशी धास्ती आपल्या अधिकाऱ्यांना वाटत असेल. पण बहुतेक ठिकाणी उपाय आटोक्यातले असतात : वर स्वच्छ मातीचा जाड थर, दाट हिरवळ, कंपोस्ट, परसबागेला उंच वाफे, जेवणाआधी हात धुण्याची शिस्त. फार दूषित जागी माती खणून काढावी लागेल, आणि त्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद २०२५च्या त्याच नियमांत आहे. उलट, न मोजलेल्या मातीची किंमत आज मुले मोजत आहेत, तीही कुणाला न विचारता.

येत्या अर्थसंकल्पात या तपासणीसाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि पहिला नकाशा बालवाड्यांचा काढावा, ही विनंती.

आपला,
मुंबईचा एक करदाता