शेजारचा कोंबडा

माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. दोन्हीकडे "कोंबडाच तो, भांडणारच" म्हणून विषय संपवतात. मला नाही पटत. शेजारच्यांचा आहे असील, मूळ झुंजीचीच जात. आमच्या परसात शिरून कोंबड्याला रक्तबंबाळ करतो, तलंगांच्या पाठी सोलतो, आणि दिवसभर डालून ठेवायच्या आमच्याच कोंबड्या! झुंजी लावायला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे. इथे मात्र रोज फुकट तमाशा.

दगड मारून तो सुधारत नाही, माणसावरच धावतो. नर नराला बघून पेटतो, म्हणून कुंपणाला गुडघ्याच्या वरपर्यंत पोती बांधलीत. बराच फरक पडला. तरीही उडून आला, तर डालायचा त्यांनीच. काकूंना तसं स्पष्ट सांगितलंय. दोन दिवस झाले, चहाला हाक नाही आली.